कागदावरचा ऊस

बारामती
१७ नोव्हेंबर २०२५

तात्या,

नमस्कार करते आणि लगेच मुद्द्यावर येते. फोनच करणार होते. पण मागच्या वेळी माझं निम्मं बोलणं तुम्हाला ऐकू आलं नाही आणि उरलेलं निम्मं काकूने तुम्हाला ओरडून सांगताना सगळ्या वस्तीला कळलं. हा विषय वस्तीला कळण्यासारखा नाही, म्हणून पत्र.

बँकेने इथे पतसुधार कक्ष उघडला आणि मला वालचंदनगरच्या शाखेतून उचलून इथे आणलं, हे तुम्हाला माहीत आहेच. बँक आजवर ऊस बघून कर्ज देत आली, कारण उसाचे पैसे कारखान्याच्या बिलातून परस्पर कापता येतात. भाजी पिकवणारा दारात आला की त्याला बसायला खुर्ची मिळते, कर्ज नाही. हे बदलायचं ठरलंय. भाजी-फळांना त्यांच्या खर्चाप्रमाणे कर्ज आणि जिथे भाजी जास्त त्या गावाला शीतगृहासाठी वेगळं कर्ज. बारामती आणि इंदापूर तालुक्यातली पहिली बारा गावं निवडायची होती. ती कशी निवडायची यावर तीन महिने काथ्याकूट झाला आणि शेवटी माझंच म्हणणं मान्य झालं. गावची सोसायटी दरवर्षी बँकेला यादी पाठवते, कुणाचं क्षेत्र किती, पीक कोणतं, कर्ज किती. त्या दहा वर्षांच्या याद्या बघायच्या. निम्म्याहून जास्त भाजी असेल ते गाव आत. वशिला नाही, पुढाऱ्याची चिठ्ठी नाही. मला फार अभिमान वाटला होता त्याचा.

आज बारा गावं जाहीर झाली. त्यात आपला जांभूळमळा नाही!

मी स्वतः संगणकावर उघडून बघितलं. एकशे बारा खातेदार, दहा वर्षं, प्रत्येकापुढे ऊस. भाजीची एक काडी नाही. तात्या, शाळेच्या सगळ्या सुट्ट्या मी तुमच्याकडे काढल्या. ढोबळी मिरची तोडून हातांची आग झाली की काकू ताकात बुडवायला लावायची. हे सगळं मी स्वप्नात बघितलं का? तुम्ही सव्वीस वर्षं त्या सोसायटीचे सचिव होता, निवृत्त होऊन चारच वर्षं झाली. काय झालंय ते तुम्हालाच माहीत असणार.

हरकत घ्यायला पंधरा दिवस आहेत. छाननी चालू असताना कक्षातल्या कुणी गावात पाऊल टाकायचं नाही असा नियम आहे, त्यामुळे मी येऊ शकत नाही. लगेच लिहा.

तुमची वैदेही

*

जांभूळमळा, ता. इंदापूर
२१ नोव्हेंबर २०२५

चि. वैदेही,

तुला आणि तुझ्या बँकेला, दोघींना आशीर्वाद. पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा तुझी काकू म्हणाली, "पोरगी सायेब झाली, आता नोटीस धाडती." पत्र वाचल्यावर मलाही तसंच वाटलं.

शीतगृह मिळायलाच हवं, त्यात दुमत नाही. गेल्या महिन्यात छबूबाईने ढोबळीचे तीस क्रेट बाजारातून परत आणले. भाव पडला होता आणि दोन दिवस माल ठेवायला जागा नव्हती. शेवटी म्हशींपुढं टाकले. म्हशींनीही दुसऱ्या दिवशी तोंड फिरवलं. असं प्रत्येकाच्या घरी वर्षातून दोनदा तरी होतं.

आता तुझा प्रश्न. गेल्या वर्षी सगळ्या सोसायट्यांच्या जुन्या याद्या संगणकात भरल्या, ते तुला ठाऊक असेल. आमच्याकडं ते काम ज्ञानेशने केलं. माझ्यानंतर सचिव झाला तोच. पोरगा सरळ आहे पण घाईचा. एकापुढं ऊस दाबलं असेल आणि तेच खाली सगळ्यांपुढं उमटलं असेल. यंत्राचं काय सांगावं. दुरुस्त करून घेता आलं तर बघ. जुने कागद आता कुठं असतील, ते शोधावे लागतील.

माझी तब्येत ठीक. कानाचं यंत्र शिट्टी मारतं म्हणून डबीत ठेवलंय.

तुझा तात्या

*

बारामती
२८ नोव्हेंबर २०२५

तात्या,

तुमचं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. मी कालच हरकत दिली. "माजी सचिवांच्या लेखी माहितीनुसार संगणकात नोंदी भरताना चूक झाली आहे" असं लिहिलं. साहेबांनी मूळ याद्या मागितल्या आहेत. बँकेकडची प्रत शाखा नव्या जागेत हलवताना गहाळ झाली, पण सोसायटीची तुमच्या दप्तरात असेलच. ज्ञानेशला विचारतील, तो कागद देईल आणि आठ दिवसांत जांभूळमळा यादीत येईल.

काकूला सांगा, शीतगृहाचं उद्घाटन तिच्या हातून.

वैदेही

*

बारामती
१५ डिसेंबर २०२५

तात्या,

सतरा दिवस झाले, तुमचं पत्र नाही. मधे दोनदा फोन केला. काकूने "तात्या मळ्यात हायत" म्हणून ठेवून दिला.

ज्ञानेशला कामावरून थांबवलंय, हे तुम्हाला कळलंच असेल. साहेब म्हणाले, अकराशे वीस नोंदी चुकून एकसारख्या होत नाहीत. उसाला कर्ज जास्त मिळतं म्हणून मुद्दाम भरल्या आहेत. सगळ्या नोंदी त्याच्या नावाने भरलेल्या. मूळ कागद त्याला दाखवता आले नाहीत. त्याला विचारलं तर एकच वाक्य बोलला, "माझ्या नावानं भरलंय, जबाबदारी माझी." २० जानेवारीला इथे सुनावणी आहे. त्यात दोषी ठरला तर कायमचा घरी आणि पुन्हा कुठल्याही सोसायटीत, बँकेत नोकरी नाही. ह्याची सुरुवात माझ्या टिपणीने झाली आहे.

काल त्याची बायको कार्यालयात आली होती. सोनल. मला ओळखत नव्हती, मी तुमची पुतणी हे तिला माहीत नाही. माझ्या टेबलापुढे उभी राहिली, बस म्हटलं तरी बसेना.

"म्यॅडम, कागद हायत," ती म्हणाली.

"मग आणून द्या ना. आजच्या आज प्रश्न मिटेल."

"आमच्याकडं न्हाईत. कुठं हायत ते ह्यांना ठावं हाय. पन ह्ये बोलंनात. म्हनत्यात, लोणी देवकरच्या कंपनीत मी मशीन पुसत हुतो, तितनं तात्यांनी मला उचलून खुर्चीवर बसवलं. माझ्या तोंडातनं त्यांचं नाव निघायचं न्हाय."

तात्या, तुमचं नाव कशात निघायचं आहे?

मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नाही. कागद कुठे आहेत?

वैदेही

*

जांभूळमळा
२४ डिसेंबर २०२५

चि. वैदेही,

कागद माझ्या ट्रंकेत आहेत, कॉटखाली. सव्वीस वर्षांच्या याद्या, सगळ्या माझ्या हातच्या. निवृत्तीनंतरच्याही ज्ञानेशने माझ्याकडूनच लिहून घेतल्या. ज्ञानेशने त्यातल्या शेवटच्या दहा वर्षांच्या संगणकात भरल्या आणि अक्षर न् अक्षर बरोबर भरल्या. भरून झाल्यावर मीच त्या घरी आणल्या. आठवण म्हणून नेतो असं त्याला सांगितलं.

ऊस मी लिहिला.

आता रागावण्याआधी ऐक. सचिव झालो त्या पहिल्या वर्षी मी छबूबाईपुढं दोडका लिहून पाठवला होता. नवरा वारलेला, दीड एकर जमीन, विहिरीला पाणी, कामाला वाघीण. बँकेने जे कर्ज दिलं त्यात मांडवाच्या तारासुद्धा आल्या नसत्या. वर दोन जामीनदार मागितले, का तर भाजीचा भाव पडला तर वसूल कसं करायचं. तिच्या बांधाला लागून आबासाहेबांचा ऊस. त्यांना एकरी तिप्पट, आणि जामीनदाराचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. पुढच्या वर्षी मी छबूबाईपुढं ऊस लिहिला. अगदीच खोटं नको म्हणून तिला चार गुंठे ऊस लावायला सांगितला. कर्ज मिळालं, दोडका निघाला आणि बाईने मुदतीच्या महिनाभर आधी पैसे आणून टेबलावर ठेवले. मग दुसरा आला, तिसरा आला. पाच वर्षांत कागदावर सगळी वस्ती ऊसवाली झाली.

बँकेचे तपासनीस यायचे. छबूबाईच्या मळ्यात सावलीला बसून काकड्या खायचे आणि त्याच मळ्यापुढं ऊस म्हणून सही करायचे. सगळ्यांना माहीत होतं. सव्वीस वर्षांत आमच्या सोसायटीचा एक रुपया थकला नाही. निवृत्त झालो तेव्हा बँकेने मला शाल दिली आणि आदर्श सचिव म्हणून भाषण केलं, ते ह्याच याद्यांवर.

खोटं मी लिहिलं, कबूल. पण खरं लिहिलं होतं त्या वर्षी तुझ्या बँकेने काय दिलं? आणि आता तुम्ही सुधारणा करायला निघालात, तीही ह्याच याद्या पुढ्यात घेऊन. एकदा जीपमधून मळ्यात उतरला असतात तर अर्ध्या तासात कळलं असतं. तुम्हाला मातीत पाय घालायचा नाही आणि आमचा कागद मात्र खरा पाहिजे.

हे झालं रागाचं. आता लाजेचं. ज्ञानेशचं नाव मी विचार न करता लिहिलं, असं तुला सांगणार होतो. तसं नाही. विचार केला होता. यंत्राची चूक म्हटलं की कुणाच्या अंगाला काही लागणार नाही आणि माझं नाव येणार नाही, एवढा केला होता. त्याच्यावर हे असं येईल असं वाटलं नव्हतं. आल्यावर मात्र मी गप्प बसलो, हे खरं आहे.

परवा आबासाहेब घरी आले होते. सोसायटीचे चेअरमन तेच आहेत. म्हणाले, "नीळकंठराव, तुमी त्वांड उघडलं तर एकशे बारा घरांवर नोटिसा येतील. वाढीव कर्जाची व्याजसवलत बँक परत मागंल, धा वर्साची. एका मानसाच्या नोकरीपायी गाव बुडवायचं का? ज्ञानेश तरणा हाय, दुसरं काम धरंल." मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. बहिरेपणाचा तेवढा एक उपयोग.

काय करावं ते मला कळत नाही. तुला सांगितलं, जरा हलकं वाटलं. वाचून झाल्यावर हे पत्र फाडून टाक.

तात्या

*

बारामती
३० डिसेंबर २०२५

तात्या,

फाडणार नाही.

तुमचा राग मला पटला. अगदी मनापासून पटला. याद्यांवरून गावं निवडायची ही कल्पना माझी, आणि मी ज्या मळ्यात वाढले त्या मळ्यातसुद्धा एकदा जाऊन बघायचं मला सुचलं नाही. ही माझी चूक मी साहेबांपुढे मांडणार आहे. छबूबाईपुढे तुम्ही ऊस लिहिलात त्याबद्दल मी तुम्हाला एक शब्द बोलणार नाही. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं.

पण ज्ञानेशचं काय? ज्या माणसाने तुमचं अक्षर जसंच्या तसं उतरवलं त्याला तुम्ही घाईचा म्हणालात! आणि मी मूर्ख, तुमच्या एका ओळीवर त्याच्याविरुद्ध सरकारी भाषेत टिपणी लिहून बसले. माजी सचिव म्हणजे माझे सख्खे चुलते, हेही मी त्यात लिहिलं नाही. तेव्हा वाटलं, उगाच कशाला. म्हणजे मी पण तुमचीच पुतणी निघाले.

आबासाहेबांचं गणित बरोबर असेल, नसेल. व्याजसवलत मागतील की नाही ते मला आज सांगता येत नाही. कर्ज वेळेवर फेडलेलं आहे, ते सोडून देतील असं वाटतं. पण समजा मागितली, तर ती एकशे बारा घरांनी वाटून घ्यायची गोष्ट आहे. ती एकट्या ज्ञानेशच्या डोक्यावर ठेवून सगळं गाव आपापल्या घरी जाणार असेल, तर त्या गावाला शीतगृह मिळालं काय आणि नाही मिळालं काय.

२० जानेवारी, मंगळवार, सकाळी साडेदहा. ट्रंक घेऊन या. तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत तर समितीही सौम्य राहील, असं इथले लोक म्हणतात. आला नाहीत, तर तुमचं २४ तारखेचं पत्र माझ्याजवळ आहे. ते मी समितीपुढे ठेवीन. हे धमकी म्हणून लिहीत नाही.

वैदेही

*

जांभूळमळा
१० जानेवारी २०२६

चि. वैदेही,

पत्र पोचलं. काकूला दाखवलं नाही.

काल देवळात बैठक झाली. आबासाहेबांनी सगळ्यांना सांगितलं, की वैदेही आपलीच आहे, ती सांभाळून घेईल. बहुतेकांनी माना हलवल्या. एकटी छबूबाई उठून म्हणाली, "माज्यापास्नं सुरवात झाली न्हवं? मग माजं नाव सांगा की तितं." तिला बसवलं. ज्ञानेश बैठकीला नव्हता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

मी सत्तरीला आलो. ह्या वस्तीत लग्न असो, वाटणी असो, लोक माझ्याकडं कागद लिहून घ्यायला येतात. नीळकंठच्या हातचा कागद म्हटलं की मामलेदार कचेरीतही कुणी उलटून बघत नाही. माझ्याजवळ तेवढंच आहे. जमीन तर तुला माहीत आहे किती ती.

लोणी देवकरला माझ्या ओळखीचे एक सुपरवायझर आहेत. ज्ञानेशला पुन्हा कामावर घ्या म्हणून त्यांच्याशी बोललो आहे. पगार सोसायटीपेक्षा जास्तच मिळेल.

तू तुझ्या मनाला येईल तसं कर. संक्रांतीला काकू तीळगूळ पाठवते आहे.

तात्या

*

बारामती
२२ जानेवारी २०२६

तात्या,

कसं लिहू कळत नाही. कालचा सगळा दिवस नुसता कागद पुढे घेऊन बसले होते.

तुमचं दहा तारखेचं पत्र वाचून मी ठरवलं की तुम्ही येणार नाही. ज्ञानेशला परत मशीन पुसायला पाठवायचं तुम्ही ठरवलंत, हे वाचून मला इतका संताप आला की तीळगुळाचा डबा उघडलासुद्धा नाही. मंगळवारी साडेदहाला सुनावणी सुरू झाली. समितीत तिघं. ज्ञानेश मान खाली घालून उभा. पुन्हा तेच वाक्य, जबाबदारी माझी. अकरा वाजता साहेब म्हणाले, "मग निकाल लिहायला घ्यायचा का?" तेव्हा मी उठले. सांगितलं, माजी सचिव माझे सख्खे चुलते आहेत, हे मी आधी सांगायला हवं होतं. आणि तुमचं पत्र टेबलावर ठेवलं. साहेबांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. लाजेचं म्हणून लिहिलं होतंत तेही. तो परिच्छेद चालू असताना ज्ञानेश रडायला लागला. त्याला मोकळं केलं, पुन्हा कामावर घ्यायचं ठरलं, आणि तो सोनलला फोन करायला बाहेर गेला.

आणि बाराला पाच मिनिटं कमी असताना दार उघडून तुम्ही आत आलात. मागे ज्ञानेश, खांद्यावर ट्रंक.

तात्या, मी तासभर थांबले असते तर! तुम्ही सगळ्यांपुढे हात जोडून म्हणालात, याद्या माझ्या हातच्या आहेत. मी तिथेच बसले होते आणि मला तुमच्याकडे बघवेना. तुम्ही येत होता. आणि मी तुमच्यावर तेवढाही विश्वास ठेवला नाही.

निकालात लिहिलंय, "माजी सचिवांच्या खाजगी पत्रावरून प्रकार उघडकीस आला." मी साहेबांना म्हटलं, स्वतः हजर राहून कबूल केलं असं लिहा. ते म्हणाले, जे आधी आलं ते आधी लिहायचं. त्या एका ओळीमुळे तुमच्यावर फौजदारी करायची की नाही हा निर्णय त्यांनी राखून ठेवलाय. स्वतः आलेल्या माणसाच्या बाबतीत तो प्रश्नच आला नसता.

बाकीचं चांगलं आहे, पण त्याने मला बरं वाटत नाही. कर्ज फेडलेलं असल्यामुळे व्याजसवलत परत मागू नये अशी शिफारस झाली. बाराही गावांची निवड थांबवली. आता याद्या नाही बघायच्या, शेतात जाऊन पीक बघायचं आणि मग कागद करायचा. तुम्ही पत्रात लिहिलं होतंत ते जवळजवळ जसंच्या तसं ठरावात आलंय. मला कक्षातून काढलं, पुढच्या आठवड्यात वालचंदनगरला परत जाते. ते रास्तच झालं.

काकूचा फोन आला होता. "येक तास थांबली असतीस तर तुझं काय जात हुतं गं?" एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

मी निकालाविरुद्ध अर्ज तयार केलाय. त्यात मी शपथेवर लिहिणार आहे, की समितीने न बोलावता तुम्ही, पत्र वाचल्याचं माहीत नसताना, कबुली द्यायला स्वतःहून आलात. ज्ञानेश साक्ष द्यायला तयार आहे. फक्त घरून किती वाजता निघालात आणि इथे किती वाजता पोचलात ते मला कळवा. १० फेब्रुवारीच्या आत अर्ज द्यायचा आहे. तात्या, मला माफ करा.

तुमची वैदेही

*

जांभूळमळा
३ फेब्रुवारी २०२६

चि. वैदेही,

तुझा अर्ज देऊ नकोस. दिला असशील तर मागे घे.

शुक्रवारी तुमच्या कक्षातले दोघं इथं आले होते. पँटी दुमडून अख्खी वस्ती फिरले. एक जण आबासाहेबांच्या बांधावरून घसरून सरीत बसला, तरी उठून पुढचा मळा बघितला. ज्ञानेश बरोबर होता, तो पिकं सांगत होता आणि ते लिहून घेत होते. मी लांबून बघत होतो. शीतगृहाचं काय होईल ते होईल, पण असं लिहून घेताना मी आयुष्यात कधी कुणाला बघितलं नव्हतं.

गावात सध्या माझं फार मोठं नाव झालंय. सत्तरीतला बहिरा माणूस एकटा ट्रंक घेऊन बारामतीला गेला आणि ज्ञानेशला सोडवून आणला, असं सांगतात. आबासाहेबसुद्धा म्हणाले, "नीळकंठराव, छाती लागती ह्याला." प्रजासत्ताकदिनी मला झेंड्याजवळ पहिल्या रांगेत बसवलं. आणि तुझं नाव निघालं की लोक जीभ चावतात. एक तास, एक तास, हे तर वस्तीत लहान पोरांच्याही तोंडी झालंय. तुझी काकू तुझ्या फोटोकडं बघत नाही. मी बारा दिवस हे सगळं ऐकत राहिलो. मला ते गोड लागत होतं, तुझ्यापासून कशाला लपवू.

तू वेळ विचारलीस. घरून सहाच्या गाडीने निघालो. नऊ वाजता तुमच्या कार्यालयासमोरच्या चहाच्या टपरीवर होतो. कबुली द्यायलाच आलो होतो, तेवढं खरं. साडेदहाला तुला आत जाताना बघितलं. ज्ञानेशला बघितलं. उठेन म्हणता उठवेना. पाच चहा झाले. टपरीवाल्याने विचारलं, "बाबा, कुनाची वाट बघताय?" साडेअकराला मी ठरवलं, की नाही जमत. ट्रंक उचलली आणि स्टँडकडं निघालो. बाराला इंदापूरची गाडी होती.

शंभर पावलं गेलो असेन. मागून ज्ञानेश पळत आला. बायकोला फोन करायला तो बाहेर आला होता आणि त्याने मला पाठमोरं ओळखलं. "तात्या, तिकडं कुठं निगालाय? हापिस हिकडं हाय," म्हणाला आणि माझ्या हातातली ट्रंक त्याने खांद्यावर घेतली. त्याला वाटलं म्हातारा वाट चुकला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. म्हणाला, "म्यॅडमनी तुमचं पत्र वाचाया दिलं, मी सुटलो. पन तुमी सोता आलात, ह्ये मी जन्मात इसरायचो न्हाय." वैदेही, मी त्याला काहीच बोललो नाही. त्याच्या मागून आत आलो आणि हात जोडले.

तेव्हा शपथेवर तू जे लिहिणार आहेस ते खोटं आहे, आणि पुन्हा माझ्यासाठी, पुन्हा माझ्याच शब्दावर. याद्यांतलं खोटं मी दुसऱ्यांच्या पोटासाठी लिहिलं, त्याची मला आजही लाज वाटत नाही. हे मात्र फक्त माझ्या एकट्यासाठी होतं. फौजदारी करायची असेल तर करू देत.

हे पत्र आधी मी तुझ्या काकूला वाचून दाखवलं. ती उठून आत गेली. मग सोसायटीत जाऊन ज्ञानेशच्या हातात दिलं. त्याने दोनदा वाचलं. मला चहाही विचारला नाही. पाकिटावर पत्ता मात्र त्यानेच घातलाय, अक्षर बघ.

एका तासाबद्दल कुणी तुला विचारलं, तर हे पत्र त्याच्या हातात दे. तू तासभर थांबली असतीस, तर ज्ञानेश अकरा वाजता बडतर्फ झाला असता आणि बाराच्या गाडीत मी बसलो असतो.

तुझा
तात्या